आग लागण्याआधीची विद्या

आग विझवणे आणि आग लागू न देणे ही दोन कामे एकाच खात्याकडे असली आणि एकाच गणवेशातली माणसे ती करत असली, तरी त्यांना लागणारे ज्ञान एक नाही. आग विझवणारा जवान धूर, उष्णता आणि वेळ यांच्याशी झुंजतो व त्याची झुंज साऱ्या गावाला दिसते. इमारतीची तपासणी करणारा अधिकारी मात्र अद्याप न घडलेल्या घटनेचा माग काढत असतो आणि त्याचे काम साधले, तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. भारतातील अग्निशमन सेवेची घडण मुख्यतः पहिल्या कामाभोवती झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील कापसाच्या गाठींना लागलेली आग त्याच जहाजातील स्फोटकांपर्यंत पोहोचली आणि त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून आणि १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून देशभर पाळला जातो. या बलिदानाचे स्मरण योग्यच आहे. परंतु कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात लादली जात असताना ती लादणी कोणी थांबवली नाही, ही त्याच घटनेची दुसरी बाजू आहे आणि तपासणीचे शास्त्र नेमके तेथे सुरू होते.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोग्या कामांत आहे. त्यामुळे देशात या सेवेची रचना राज्याराज्यांत आणि एका राज्यातही शहराशहरांत वेगळी दिसते. महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा होय, जो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. या कायद्याने आगप्रतिबंधाची जबाबदारी अग्निशमन दलावर नव्हे, तर इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर टाकली, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असून नेमके तेच सर्वसामान्यांना फारसे ठाऊक नसते. भोगवटादार म्हणजे जो ती जागा प्रत्यक्ष वापरतो तो. मग तो भाडेकरू असो, दुकानदार असो की गृहनिर्माण संस्था. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक संस्थेने ‘नमुना अ’ हे प्रमाणपत्र द्यायचे आणि पुढे दर वर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ हे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचे, अशी ही व्यवस्था आहे. अधिकाऱ्याला इमारतीत जाऊन तपासणी करता येते, त्रुटींची नोटीस देता येते, आणि धोका अगदी तोंडावर असेल तर माणसे बाहेर काढण्याची व वीज-पाणी तोडण्याची कारवाईही कायद्याने करता येते. एवढे मोठे अधिकार ज्याच्या हाती आहेत, त्याला ते कोणत्या पायावर वापरायचे हे शिकवले जाते का, हा खरा प्रश्न आहे.

या शिक्षणाचे देशातील प्रमुख केंद्र महाराष्ट्रातच आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील या संस्थेत देशभरातून आलेले उपअधिकारी, केंद्र अधिकारी आणि विभागीय अधिकारी घडतात, शिवाय अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही येथे घेता येते. राज्य पातळीवर मुंबईत कलिना येथे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि मुंबई अग्निशमन दलाचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र वडाळ्याला आहे. या संस्थांतून कवायत, शिडी, नळी, पंप, श्वसनयंत्र आणि सुटका यांचे शिक्षण मिळते, त्याच्या जोडीला इमारतींची सुरक्षा, कायदे आणि तपासणी हे विषयही असतात. पण निरीक्षक ही स्वतंत्र पात्रता मानण्याऐवजी ती बढतीच्या वाटेवरील एक नेमणूक मानली जाते, हे या व्यवस्थेचे उणेपण आहे. लहान नगरपालिकांत तर रात्री गाडीवर जाणारा अधिकारीच दुसऱ्या दिवशी नकाशे तपासतो. याउलट अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने अग्नि-निरीक्षकाच्या पात्रतेचे तीन चढते स्तर ठरवून दिले आहेत आणि इमारतीचे नकाशे तपासणाऱ्यासाठी त्याहून निराळे स्तर मानले आहेत. म्हणजे उभी इमारत तपासणे आणि कागदावरची इमारत तपासणे ही दोन कौशल्येही तेथे वेगळी धरली जातात. ही विभागणी जशीच्या तशी उचलावी असे नाही, परंतु तिच्यामागचा विचार आपल्याकडे रुजायला हवा.

निरीक्षकाच्या शिक्षणाचा पहिला धडा धुराचा असला पाहिजे. आग लागलेल्या इमारतीत माणसे भाजून मरतात असा सार्वत्रिक समज असला, तरी बहुतेक मृत्यू धुराने होतात, कारण अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि माणूस पळण्याआधीच शुद्ध हरपतो. गाद्या, सोफे आणि ध्वनिरोधक आवरणे यांत वापरला जाणारा पॉलियुरेथेन फोम जळला, की त्यात हायड्रोजन सायनाइडची भर पडते. हे एकदा ध्यानात आले, म्हणजे निरीक्षकाची नजर विझवण्याच्या साधनांवरून धुराच्या वाटांकडे वळते: विजेच्या तारा जेथून मजल्यामजल्यांतून वर जातात ती उभी पोकळी प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बुजवली आहे की नाही, जिन्याचे अग्निरोधक दार आपोआप बंद होते की हवा खेळावी म्हणून कोणी त्याला वीट लावून ठेवली आहे, वातानुकूलनाच्या वाहिनीत धूर अडवणारी झडप आहे की नाही. भिंतीवर टांगलेली लाल नळकांडी मोजणे सोपे असते. ही तपासणी त्याहून कितीतरी कठीण आणि कितीतरी मोलाची असते.

दुसरा धडा हिशोबाचा आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ हिचा चौथा भाग अग्नि आणि जीवित सुरक्षेला वाहिलेला आहे. ही संहिता स्वतः सक्तीची नाही, पण राज्यांचे कायदे आणि नियम तिचा आधार घेतात आणि त्यातून तिला बळ येते. संहितेने इमारतींचे निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, सभा-समारंभाच्या, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, साठवणुकीच्या आणि धोकादायक असे वापरगट पाडले असून, प्रत्येक गटात एका माणसामागे किती क्षेत्रफळ धरायचे हे ठरवले आहे. उदाहरणार्थ, ४०० चौरस मीटरच्या एका मजल्यावर कार्यालय असेल, तर दर दहा चौरस मीटरला एक याप्रमाणे तेथे ४० माणसे धरली जातात. त्याच मजल्यावर शिकवणी वर्ग आला, तर दर चार चौरस मीटरला एक याप्रमाणे ती संख्या १०० होते, आणि टेबल-खुर्च्यांचे उपाहारगृह आले तर १.८ चौरस मीटरला एक याप्रमाणे ती २२२ च्या घरात जाते. जिन्याच्या रुंदीसाठी या गटांत माणशी १० मिलिमीटर हे प्रमाण असल्याने, गटागटाच्या किमान रुंदीच्या अटी क्षणभर बाजूला ठेवल्या, तरी गरज ४० सेंटिमीटरवरून एक मीटरवर आणि तेथून दोन मीटरच्या पुढे जाते. भिंती त्याच, जिना तोच, मालकही तोच. बदलतो तो फक्त वापर, आणि तेवढ्यानेच सुरक्षित असलेली इमारत प्राणघातक ठरू शकते. बहुतेक वापरगटांत कोणत्याही जागेपासून बाहेर पडण्याच्या सुरक्षित मार्गापर्यंतचे चालण्याचे अंतर ३० मीटरपेक्षा अधिक असू नये, अशीही मर्यादा आहे, आणि हे अंतर हवेतून सरळ रेषेत नव्हे, तर फर्निचर व पार्टिशन यांना वळसे घालत मोजायचे असते. नवशिका निरीक्षक चुकतो तो बहुधा येथेच.

वापरातील या बदलाची किंमत काय असते, ते सुरतेने पाहिले. २४ मे २०१९ रोजी तक्षशिला या व्यापारी संकुलाच्या माथ्यावरील वाढीव बांधकामात चाललेल्या शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी आगीत आणि वरून मारलेल्या उड्यांत दगावले. मूळ नकाशाला मंजुरी देताना ज्या जागेचा विचारच झाला नव्हता, तेथे मुले बसत होती. त्याआधी १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गुदमरले, तेव्हा आग तळमजल्यावरील वाहनतळालगतच्या रोहित्रातून निघाली होती, पण मृत्यू झाले ते बाल्कनीत, कारण तेथे वाढीव खुर्च्या बसवून बाहेर जाण्याची वाट रोखली गेली होती. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले आणि त्यांतील अनेक जण बाहेरची वाट न सापडल्याने स्वच्छतागृहात आसरा घेऊन तेथेच गुदमरले. या तिन्ही घटनांत विज्ञानाला अज्ञात असे काहीही नव्हते. प्रशिक्षणात या दुर्घटनांचे चौकशी अहवाल पाठ्यपुस्तकासारखे वाचले गेले पाहिजेत, आणि ‘येथे तपासणीला आलेल्या माणसाला काय दिसायला हवे होते’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणार्थीला विचारला गेला पाहिजे.

रुग्णालय हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, कारण तेथे ‘बाहेर पळा’ हा आगीतला मूलभूत आदेशच लागू पडत नाही. अतिदक्षता विभागातील रुग्ण यंत्रांना जोडलेला असतो आणि नवजात अर्भक काचेच्या पेटीत असते; म्हणून तेथे माणसांना जिन्याने खाली नेण्याऐवजी त्याच मजल्यावर अग्निरोधक भिंत आणि दार यांच्या पलीकडील सुरक्षित भागात हलवण्याची रीत मानली जाते, आणि त्यासाठी मजल्याचे असे भाग बांधकामाच्या वेळीच पाडलेले असावे लागतात. प्राणवायूचे प्रमाण वाढलेल्या हवेत ठिणगीसुद्धा वेगाने भडकते, चोवीस तास चालणारी वातानुकूलन यंत्रे तारांवर ताण आणतात आणि जुन्या वायरिंगवर नवी उपकरणे चढवली जातात. महाराष्ट्राने २०२१ या एका वर्षात निदान तीन वेळा याची प्रचिती घेतली: ९ जानेवारीला भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बालके दगावली, २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडचे रुग्ण आगीत सापडले. भंडाऱ्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले होते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. तपासणी होणे आणि तपासणीत आढळलेले दोष दूर होणे यांत निधीच्या मंजुरीचे, निविदेचे आणि कोणाच्या तरी सहीचे अंतर असते, आणि सरकारी इमारतीत तर ज्याला नोटीस द्यायची तोही शासनाचाच भाग असतो. पाठपुरावा कसा करावा, त्रुटींचा अग्रक्रम कसा लावावा आणि जे आज विनाखर्च होऊ शकते ते आजच कसे करून घ्यावे, हे निरीक्षकाला शिकवावे लागते. ते आपोआप येत नाही.

उपकरणांच्या तपासणीत प्रशिक्षणाचा खरा कस लागतो तो कागद आणि वस्तुस्थिती यांतील फरक ओळखण्यात. छतावरील स्प्रिंकलर म्हणजे पाण्याच्या नळाला बसवलेले एक स्वयंचलित तोंड असते आणि त्यात द्रवाने भरलेली काचेची बारीक कुपी पाण्याला अडवून धरते. लाल द्रवाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला, तर हिरव्या द्रवाची ९३ अंशांना फुटते व पाणी सुटते. या कुपीवर रंगकाम करताना रंग चढला किंवा नव्या सजावटीसाठी स्प्रिंकलरच्या खाली दुसरे छत टांगले गेले, तर यंत्रणा कागदावर शाबूत आणि प्रत्यक्षात निकामी ठरते. पंपाचेही तसेच आहे. दाबमापकाचा काटा पाहून भागत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरची नळी सोडून पाणी कोणत्या जोराने येते ते पाहावे लागते, आणि वीज बंद केल्यावर डिझेलचा पंप स्वतः सुरू होतो की रखवालदाराला किल्ली शोधावी लागते तेही पाहावे लागते. महाराष्ट्राच्या कायद्यातील परवानाधारक संस्थेची कल्पना मनुष्यबळाच्या तुटवड्यावर व्यवहार्य तोड आहे, यात शंका नाही. मात्र प्रमाणपत्र देणाऱ्याचे शुल्क प्रमाणपत्र घेणाराच भरतो, या रचनेत दोष दडलेला आहे आणि तो झाकण्यात कोणाचेही हित नाही. म्हणून सादर झालेल्या प्रमाणपत्रांपैकी काही निवडून त्यांची अचानक पडताळणी करण्याचे तंत्र सरकारी निरीक्षकाला अवगत असणे, हा या व्यवस्थेचा प्राण आहे.

धोकेही नवनवे येत असतात. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या लिथियम-आयन बॅटरीत एका घटकाची उष्णता शेजारच्या घटकाला पेटवत जाते आणि बाहेरची हवा तोडली तरी ही साखळी थांबत नाही, त्यामुळे नेहमीचे अग्निशामक नळकांडे तिच्यापुढे तोकडे पडते. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादेत विजेच्या दुचाकींच्या दालनात आग लागून वरच्या लॉजमधील आठ जणांचा जीव गेला. शहरातील जुन्या इमारतींत जिन्याखालीच विजेचे मीटर, तेथेच पायऱ्यांलगत उभ्या दुचाकी आणि आता त्यांच्या बॅटऱ्यांना जोडलेल्या वायरी, असा संयोग सर्रास आढळतो. बाहेर पडण्याची एकमेव वाट आणि आगीचा संभाव्य उगम एकाच जागी येणे यापेक्षा वाईट रचना कल्पनेतही आणणे कठीण.

तरीही निरीक्षक किती इमारतींत आणि किती वेळा जाणार, या मर्यादेमुळे त्याच्या शिक्षणाचा अखेरचा भाग दुसऱ्यांना शिकवण्याचा ठरतो. नोटीस बजावणे हे त्याचे कायदेशीर काम आहे, पण ती नोटीस ज्याच्या हाती पडते, त्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला, रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा कापडाच्या दुकानदाराला ‘का’ हे कळले नाही, तर वीट काढलेले दार दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडे राहते. गणेशोत्सवातील मंडप हे याचे चांगले उदाहरण आहे. तात्पुरत्या बांधकामांतील अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ अस्तित्वात आहे, परंतु मंडळाच्या कार्यकर्त्यांपर्यंत ते मानकाच्या भाषेत कधीच पोहोचत नाही. कापडी छत आणि थर्माकोलची आरास यांपासून दिव्यांच्या माळा दूर ठेवणे, जोडण्या चिकटपट्टीने न करणे, दर्शनाची रांग आत येते त्याहून वेगळी आणि मोकळी वाट बाहेर जायला ठेवणे, अशा रूपात सांगितले तर ते तत्काळ पटते. सिलिंडरमधला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आल्यावर विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही न करता दारे-खिडक्या उघडाव्यात. कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी न टाकता शेगडी बंद करून झाकण घालावे. या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकातील प्रकरणापेक्षा अधिक जीव वाचवू शकतात. उंच इमारतींसाठी संहितेच्या मार्गदर्शनात सुरुवातीची दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढे निदान दर सहा महिन्यांनी आगीतील सुटकेचा सराव अपेक्षित आहे. बहुतेक गृहसंकुलांत तो अग्निशमन सप्ताहात एकदा, छायाचित्रापुरता होतो.

त्यामुळे या लेखाच्या वाचकाला करण्यासारखे एक साधे काम आहे. आपल्या इमारतीला कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा लागू असेल, तर येत्या जानेवारीत किंवा जुलैत संस्थेच्या कार्यालयात जाऊन ‘नमुना ब’ची प्रत मागावी, त्यावर कोणत्या परवानाधारक संस्थेची सही आहे ते पाहावे, आणि तिचा माणूस गच्चीवरील टाकीपर्यंत चढून गेला होता का, हे रखवालदाराला विचारावे.